नवव्या दिवशी ‘काढून टाका’ म्हणणारी मुलगी

इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे: ‘मुलगी १४ वर्षांची, नववीत. वरच्या दातांना क्लिपा लावून नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस फक्त दूध-भात खाल्ला. आता दुखणं कमी आहे, पण रोज रडते, तोंडावर हात ठेवून बोलते आणि “काढून टाका” म्हणते. पुढच्या गुरुवारी चार चांगले दात काढायचे आहेत, त्या विचाराने मलाच झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, वरचे दात काढले की नजर कमी होते. डॉक्टर चांगले आहेत, पण घाईत असतात. एवढं सगळं सोसून मुलं शेवटी खूश होतात का, की आम्ही उगाच तिच्या मागे लागलो?’

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बहुतेक मुलं खूश होतात. पण इंदुरात २२ वर्षं दातांना क्लिपा लावायचं काम करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दात अगदी मापात आलेली काही मुलं नाराज होऊन गेली. आणि ज्यांच्या दातांत मला स्वतःला एखादी कसर दिसत होती, ती पेढे घेऊन आली. याचा विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की पुढे काय होणार आहे हे ज्या मुलांना आधी नीट सांगितलेलं असतं आणि ज्यांना मधेमधे कुणीतरी ‘तुला कसं वाटतंय?’ असं विचारलेलं असतं, ती समाधानी असतात. बाकीच्यांना आपल्या तोंडात कुणीतरी दोन वर्षं काहीतरी करत होतं, एवढंच आठवतं. तुमच्या मुलीचा आत्ताचा नववा दिवस आहे, म्हणजे सगळं अजून हातात आहे.

आधी दुखण्याचं बोलू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ असा तंतूंचा थर असतो. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूला हा थर दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबलेल्या बाजूला रक्तपुरवठा आवळतो, प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सुटतात, हाड झिजवणाऱ्या पेशी गोळा होतात. ताणलेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात ठणकतो तो या द्रव्यांमुळे, आणि सरकतो तोही त्यांच्याच मदतीने. म्हणून तार लावल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि आठवडाभरात उतरतो. दात थोडे हलल्यासारखे वाटतात, तेही यामुळेच. मुलं ‘दात पडणार’ म्हणून घाबरतात आणि कुणाला सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच तिला सांगा की एवढं हलणं अपेक्षित आहे.

मी मुलांना हे वारानिशी सांगते. ‘आज बुधवार. आज रात्री जेवताना कळेल. उद्या दुपारी सगळ्यात जास्त दुखेल, उद्या चिडचिड झाली तरी चालेल. शनिवारी वरण-भात, पुढच्या बुधवारी पोळी.’ मुलं खरोखर वार मोजतात. गुरुवारी दुपारी ठणका लागला की ती म्हणतात, ‘मॅडम म्हणाल्या होत्या.’ दुखणं तेवढंच असतं, पण काहीतरी बिघडलंय ही धास्ती निघून जाते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी महूहून येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला मी ‘काही दुखत नाही रे’ म्हणाले होते. महिन्याने तो आला, खुर्चीत बसला आणि तोंडच उघडेना. आईने समजावलं, बाबांनी दटावलं. शेवटी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तुम्ही खोटं बोललात.’ त्याचं दोन वर्षांचं काम अडीच वर्षांवर गेलं, कारण तो दर वेळी यायचं टाळायचा. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

वेदनेसाठी पहिले दोन-तीन दिवस पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. डोस वजनाप्रमाणे ठरतो, म्हणून तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आयब्युप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन अडवतात, त्यामुळे आमच्यातले बरेच जण ती मनाने सुरू ठेवू नका असं सांगतात. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरली की गालाच्या आतल्या जखमा लवकर भरतात.

फोनचंही सांगते, कारण तो फुकट आहे. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लिपा लावून घरी गेलेल्या काही रुग्णांना फोन करून दुखण्याबद्दल नीट माहिती दिली, काहींना नुसता चौकशीचा फोन केला आणि काहींना फोनच केला नाही. ज्यांना फोन आला, त्यांचं दुखणं आणि काळजी दोन्ही कमी भरली. फोनवर काय बोललं याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी विचारलं, हेच औषध ठरलं. हा अभ्यास वाचल्यापासून क्लिपा लावलेल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडून फोन जातो, आणि तो मुलाच्या हातात द्यायला सांगतो. तुमच्या डॉक्टरांकडे अशी पद्धत नसेल, तर दात काढल्याच्या दुसऱ्या दिवसासाठी तुम्ही ती मागून घ्या. डॉक्टर घाईत असतात, पण असा फोन मागितल्यावर नाही म्हणणारे मला फार थोडे भेटले.

आता खाण्याचं. इंदुरात दातांना क्लिपा लावणं म्हणजे मुलांना अर्धं गाव बंद झाल्यासारखं वाटतं. घरी ‘हे नको, ते नको’ ची यादी भिंतीवर लागते आणि मूल रडकुंडीला येतं. मी उलटी यादी देते. भुट्टा दाताने तोडून खायचा नाही, पण भुट्ट्याचा कीस बिनधास्त खा. सराफा बाजारातली साबुदाण्याची खिचडी चालते, दाणे बाजूला काढून. बाटीसारखा बाफला डाळीत आणि तुपात चांगला भिजवला की लोण्यासारखा होतो. खोपरा पॅटिस मऊ असतं, दहीवडा तर औषधच. थंडीतले तळलेले गराडू (कंद) मात्र नकोत, त्यांची कडक कड क्लिप उडवते. पोहे चालतात, पण जाड शेव तारेत अडकते. आणि पहिल्या पंधरा दिवसांत जिरावण मसाला भुरभुरू नका. गालाच्या आतल्या जखमेवर ते लागलं की मूल असं कळवळतं की पुढे दोन दिवस जेवायलाच घाबरतं. दिवाळीत चकली आणि संक्रांतीला चिक्की टाळायची. तिळगूळ हवाच असेल तर मऊ वडी करा. पेरू, सफरचंद फोडी करून मागच्या दाढांनी चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. एवढं सांगितलं की मूल स्वतःच हिशोब करायला लागतं: ‘मग आज छप्पन दुकानला खायला गेलो तर मी काय खाऊ?’ हा प्रश्न आला की मला बरं वाटतं.

पण ताई, तुमची मुलगी नवव्या दिवशी रडते ते दाताच्या दुखण्याने नाही. दुखणं कमी झालंय असं तुम्हीच लिहिलंय. ती तोंडावर हात ठेवून बोलते, यात खरी गोष्ट आहे.

दातांच्या भीतीचं माप घेण्यासाठी एक जुनी प्रश्नावली आहे. नॉर्मन कोरा या संशोधकांनी १९६९ मध्ये ती चार प्रश्नांची केली, १९९५ मध्ये तिला इंजेक्शनचा पाचवा प्रश्न जोडला गेला. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय तर कसं वाटतं, बाहेर बसल्यावर कसं वाटतं, दात कोरायचं मशीन जवळ येताना कसं वाटतं, असे प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ५ ते २५. १९ किंवा जास्त आले की भीती फार आहे असं धरतात. मीही ती मराठीत करून वापरते. गुरुवारच्या सुईसाठी तिचा उपयोग आहे. पण क्लिपा लावणाऱ्या मुलांची मोठी भीती या पाच प्रश्नांत येत नाही. आमच्या खुर्चीत एरवी ना सुई ना कोरण्याचं मशीन, त्यामुळे गुण कमी येतात. मुलाची भीती खुर्चीबाहेर असते. वर्गातली बाकं, स्कूल बस, ग्रुप फोटो, घरी आलेले पाहुणे. आत्या-काकू कौतुकाने म्हणतात, ‘अगं बाई, आता दोन वर्षं असंच का?’ आणि मुलगी आत निघून जाते.

म्हणून तिला ‘रडू नकोस, सगळेच लावतात’ म्हणू नका. विचारा, ‘कोण काय बोललं?’ नेमकं नाव आणि वाक्य बाहेर येऊ द्या. बहुतेक वेळा ते एकच वाक्य असतं, एकाच मुलाचं. त्याला काय उत्तर द्यायचं हे तिच्याशी बोलून ठरवा. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने स्वतः उत्तर शोधलं होतं. ‘हो, लोखंड आहे. दोन वर्षांनी निघेल. तुझं काय निघणार आहे?’ मी तिला ते म्हणायला सुचवलं नसतं, पण तिला त्याने बळ आलं. चिडवणं वर्गभर पसरलं असेल तर मात्र वर्गशिक्षकांना भेटा. ते काम १४ वर्षांच्या मुलीवर टाकू नका.

रामबागेतली एक मुलगी गाणं शिकायची. क्लिपा लावून दहा दिवस झाल्यावर आई तिला घेऊन आली. क्लासला जायचं नाही म्हणत होती. आईला वाटलं, लाज वाटते. मी आईला बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘आ केला की आत कापतं, मग आवाज आवळून येतो. बाईंना वाटतं मी रियाज करत नाही.’ मी आरसा दिला आणि म्हटलं, दाखव कुठे. मागच्या दाढेवरचा बारीक हुक तोंड पूर्ण उघडलं की गालात रुतत होता, तिथे पांढरी जखम झाली होती. हुक आत वळवला. मग मेण कसं लावायचं ते तिच्याच हाताने करून घेतलं. आधी कापसाने ती जागा कोरडी करायची, ओल्या क्लिपवर मेण टिकत नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोळी बोटांत मळून मऊ करायची, क्लिपवर दाबायची आणि कडा पसरवायच्या. चुकून गिळलं तरी काही होत नाही. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. ‘आता आ कर.’ तिने आरशात बघत आकार लावला, जीभ फिरवून पाहिलं, परत लावला. त्या भाद्रपदात ती गणपतीच्या कार्यक्रमात गायली.

मेणाची डबी तुमच्या डॉक्टरांनी दिली असेलच. नसेल तर मागा. ती मुलीच्या दप्तरात हवी, घरच्या कपाटात नको.

इंदुरातल्या मराठी मुलांबद्दल आणखी एक लक्षात आलंय. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि दवाखान्यातल्या फॉर्मवर इंग्रजी. मूल खुर्चीत हिंदीत छान बोलतं, ‘नहीं मैम, ठीक है.’ पण घाबरलं की शब्द आठवतो तो घरचा. ‘टोचतंय’, ‘ठणकतंय’, ‘शिवशिवतंय’, ‘आवळल्यासारखं होतंय’. या चार शब्दांचे माझ्या दृष्टीने चार वेगळे अर्थ आहेत. टोचतंय म्हणजे तार बाहेर आलीय. शिवशिवतंय म्हणजे गार पाणी लागतंय, कदाचित हिरडी सरकलीय. आवळल्यासारखं हे अपेक्षित आहे. ठणकतंय हे आठवड्यानंतर ऐकू आलं तर मला क्ष-किरण काढून बघावंसं वाटतं. तुमच्या डॉक्टरांना मराठी येत नसेल तर मुलीचा शब्द काय आहे ते तुम्ही सांगा. ‘दर्द है’ एवढ्यावर सोडू नका. संमतीचा फॉर्म तर मी कधीच मराठी-हिंदीत करून घेतला. जे वाचता येत नाही त्यावर सही घेऊन मला झोप लागली नसती.

आता गुरुवार. चार चांगले दात का काढायचे हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो आणि पडायलाच हवा. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर ते दातावर दात चढून बसतात किंवा पुढे येतात. सुळ्याच्या मागचा दात साधारण ७ मिलिमीटर रुंद असतो. एका जबड्यात दोन काढले की १४ मिलिमीटर जागा मिळते, तिच्यात गर्दी सुटते आणि पुढचे दात मागे येतात. प्रत्येक बाजूची जागा महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने भरते, म्हणून आठ-नऊ महिने फटी दिसतील. हे तिला आजच सांगा. न सांगता दिसलं, तर ती म्हणेल, ‘पहिल्यापेक्षा वाईट झालं.’ प्रत्येकाला दात काढावे लागतातच असं नाही. गर्दी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा जबडा रुंदावून काम होतं. तुमच्या मुलीला कोणतं लागू आहे ते मी तिला न तपासता सांगणं बरोबर नाही. पण तुम्ही हा प्रश्न विचारू शकता: ‘न काढता केलं तर काय होईल?’ चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. तो दातांचा साचा आणि एक्स-रे समोर ठेवून दाखवतो.

सासूबाईंच्या भीतीला हसू नका. माझ्या स्वतःच्या आजीची हीच समजूत होती. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. दिसण्याची नस त्यांतली दुसरी. वरच्या दातांना येणारी नस पाचवीची फांदी. दोघींचे रस्ते वेगळे, आणि दात काढताना दिसण्याच्या नसेजवळ कुणी जातही नाही. पूर्वी दात काढायची वेळ यायची ती पन्नाशी-साठीत, आणि नजरही त्याच वयात उतरायची. लोकांनी दोन्ही जोडलं, ते समजण्यासारखं आहे. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकवा. घरातली सगळ्यात मोठी बाई निर्धास्त झाली की मुलीवरचा अर्धा भार उतरतो.

डॉक्टर घाईत असतात, त्यावर उपाय आहे. संध्याकाळी सहा ते आठ ही आमची सगळ्यात गर्दीची वेळ, शाळा-ट्यूशन सुटल्यावर सगळे तेव्हाच येतात. तुम्ही दुपारची वेळ मागा आणि आधीच सांगा, ‘तार बदलायची नाही, दहा मिनिटं बोलायचंय.’ प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि त्यांतले दोन तरी मुलीच्या अक्षरात असू द्या. एकूण किती महिने, कशामुळे लांबू शकतं, दर भेटीला तुम्हीच बघणार की वेगवेगळे डॉक्टर, क्लिप तुटली तर कुणाला फोन करायचा, पैशांचे हप्ते कसे, शेवटी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर किती काळ. ही उत्तरं तिथेच लिहून घ्या. शेवटी नाराज झालेल्या लोकांशी मी बोलले आहे, दुसरीकडून अर्धवट सोडून आलेल्यांशीही. दात वाकडे राहिले म्हणून चिडलेले त्यांत थोडे होते. ‘दीड वर्ष म्हणाले, तीन लागली, आणि मधे कुणी काही सांगितलंच नाही,’ हे वाक्य मात्र मी शेकडो वेळा ऐकलं.

आणि मुलीला स्वतःलाच हे नको असेल तर? तुमच्या ‘मागे लागलो’ या शब्दावर मी थांबले. तिला दात सरळ हवे होते का, की ते तुम्हाला खटकत होते? दोन्ही ठीक आहे, पण तिला स्वतःचं कारण नसेल तर दोन वर्षं ती ते तुमच्यासाठी ओढेल. १४ वर्षांच्या मुलीच्या वतीने सही तुमची चालते, पण होकार तिचा लागतो. ती अजून ठाम ‘नको’ म्हणत असेल तर गुरुवार पुढे ढकला. बहुतेक वेळा पंधरा दिवस-महिना थांबल्याने काही बिघडत नाही, आणि क्लिपा आत्ता काढल्या तर नुकसानही थोडं आहे. दात काढल्यानंतर मधेच सोडलं तर मात्र फटी राहतात. म्हणून मी दात काढण्याआधी प्रत्येक मुलाशी एकट्याने बोलते. आई-बाबांसमोर मान डोलावणारी मुलं दार बंद झाल्यावर वेगळं बोलतात. कधी ‘मला खरंच हवंय, पण मी घाबरलोय’, कधी ‘बोर्डाची परीक्षा झाल्यावर करू का?’ दुसरं बोलणाऱ्याला मी थांबू दिलंय, आणि ती मुलं परत आली आहेत.

पारदर्शक अलायनरचा, म्हणजे क्लिपांऐवजी दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या साच्यांचा विचार तुमच्या मनात आलाच असेल. ते दिसत नाहीत, पण दिवसाचे २० ते २२ तास लावावे लागतात आणि काढता येतात. नववीतली मुलं ते डब्यासोबत शाळेत विसरतात. दात काढून मोठी जागा भरायची असेल तर माझी पसंती आजही क्लिपांनाच आहे.

पहिल्या महिन्यापेक्षा मला जास्त काळजी असते ती आठव्या-दहाव्या महिन्याची. सुरुवातीला दात पटापट सरळ होताना दिसतात, सगळे कौतुक करतात. मग जागा भरायचे महिने येतात, बदल डोळ्यांना दिसत नाही, ब्रशचा कंटाळा येतो, रबरं लावायची राहतात. क्लिपांभोवती पांढरे डाग पडतात तेही याच काळात. इथे आई-बाबांचं ओरडणं सुरू होतं आणि मूल आणखी मागे हटतं. अशा वेळी मी कपाटातून पहिल्या दिवशीचा प्लास्टरचा साचा काढून मुलाच्या हातात देते आणि दुसऱ्या हातात आरसा. काही बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात देवासहून बसने येणाऱ्या मुलाने साच्यातल्या त्या उंच चढलेल्या सुळ्यावर अंगठा फिरवला, मग ओठ वर करून आरशात तो सुळा शोधला आणि त्याला तो पटकन सापडेना. ‘हा कुठंय?’ म्हणाला. तो सुळा खाली रांगेत बसला होता. तुमच्या डॉक्टरांकडे साचा नसला तरी फोटो असतील. त्यांची एक प्रत आजच मागून ठेवा, दहाव्या महिन्यात लागेल.

काही गोष्टींना वाट बघू नका. आठवडा उलटल्यावर एकाच दाताचं ठणकणं, हिरडीला सूज किंवा पू, ओठ-जिभेला खाज आणि पुरळ (क्वचित कुणाला तारेतल्या निकेलची ॲलर्जी असते), दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच न खाणं, झोप उडणं, शाळेला जायला सरळ नकार. पहिल्या चार गोष्टींसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शेवटच्या दोन्हींसाठी आधी तिच्याशी बोला, आणि दोन आठवड्यांत फरक नसेल तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. अशा वेळी क्लिपा हे निमित्त असतं, मुळाशी दुसरंच काही निघालेलं मी पाहिलंय.

आणि शेवटचा दिवस. पकडीने क्लिपा निघतात तेव्हा ‘कट्’ असा आवाज होतो, मुलं दचकतात, म्हणून तोही आधी करून दाखवते. सिमेंट घासून झालं की प्रत्येक मूल पहिल्यांदा जीभ फिरवतं. ‘किती गुळगुळीत!’ हा शब्द ठरलेला. त्यानंतर कित्येक मुली सवयीने हसताना तोंडावर हात नेतच राहतात. एक-दोन महिन्यांनी रिटेनर तपासायला येतात तेव्हा हात खाली आलेला असतो. मी दात बघायच्या आधी तो हात बघते. रिटेनरचं मात्र त्या दिवशी सांगून उपयोग नसतो, आनंदात कुणी ऐकत नाही. दात जुन्या जागी परत जायला बघतात, म्हणून रिटेनर वर्षानुवर्षं लागतो, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. तुम्हाला सांगितलं नसेल तर विचारा.

गुरुवारी जायचं ठरलं तर तिला उपाशी नेऊ नका. रिकाम्या पोटी सुई घेतली की चक्कर येऊ शकते. सकाळी मऊ पोहे किंवा वरण-भात पोटभर द्या. चार दात एकाच दिवशी काढायचे की दोन-दोन करून, हे डॉक्टरांना विचारून घ्या, घाबरणाऱ्या मुलांसाठी मला दोनदा केलेलं बरं वाटतं. सुईआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावायला सांगा. तुम्ही आत थांबायचं की बाहेर, हे तिलाच ठरवू द्या. हात वर केला की डॉक्टर थांबतील, ही खूण आधी ठरवून घ्या आणि एकदा करून बघा. खरंच थांबतात हे तिला दिसलं की पुढे ती बहुधा हात वर करतच नाही. नंतर कापूस अर्धा तास दाबून ठेवायचा, ओठ बधिर असेपर्यंत चावायचं काही द्यायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही. संध्याकाळी वाटीत आइस्क्रीम द्या, चमच्याने. स्ट्रॉ नको, ओढलं की जखमेवरची खपली सुटते. आणि शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, की तो आधी तिच्या हातात द्या.